तंबूत कोण कोणाबरोबर?

डिसेंबरात शाळांच्या सहली निघतात. दोन रात्री मुक्काम, रॅपलिंग, झिपलाइन, दोरीचा पूल. माहितीपत्रकावर हेल्मेट घातलेलं एक हसरं पोर हमखास असतं. पालकांचा पहिला प्रश्न मात्र मोबाइल जवळ ठेवता येईल का, हाच!

मुलांच्या शिबिराची कल्पना तशी जुनी. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं नेली. काही बड्या शाळांतली, काही कष्टकरी घरांतली. लांडगा, बैल, डोमकावळा आणि कुरलव अशा चार तुकड्या केल्या. स्काउट चळवळीची सुरुवात तिथली. मला त्यातली गाठी मारण्याची विद्या फारशी भुलवत नाही. एरवी ज्यांची गाठही पडली नसती अशी मुलं एका बेटावर राहिली, हे भुलवतं.

आपल्याकडे उलट घडतं. शुल्क परवडतं तीच मुलं जातात, आणि तंबूतही बाकावरच्याच जोड्या शिरतात. मग ‘टीम बिल्डिंग’ कुणाची?

सुरक्षिततेत मात्र सूट नको. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानुसार आयोजकाकडे नोंदणी आहे का, दोर कोण तपासतं, जवळचं रुग्णालय किती दूर, हे शाळेला बेधडक विचारा. आणि जमलंच तर आणखी एक विचारा: वर्गातली किती मुलं येणार नाहीत, आणि का?

या अंकात शिबिरांवर तीन लेख आहेत. एक स्वयंपाकाच्या मावशींच्या नजरेतून लिहिलेला. तो आधी वाचा.