टाकावे काय आणि राखावे काय?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत कळंबातील एका दुरुस्तीच्या दुकानापुढे आम्ही सहज थांबलो होतो. तेथे एक मोटरसायकल उभी होती. वयाने ती नवीच. पण तिची दशा पाहून पिसे उपटलेल्या कोंबड्याची आठवण व्हावी! दोन्ही आरसे काढलेले, साखळीवरचे झाकण काढलेले, मागचे मडगार्ड अर्धे कापलेले, वळण दाखविणारे दिवे नाहीत, मागील तांबडा दिवाही नाही. तारांची उघडी टोके चिकटपट्टीत गुंडाळून बैठकीखाली कोंबलेली. आम्ही कारण विचारता, सोळा-सतरा वर्षांचा तिचा स्वार मोठ्या अभिमानाने म्हणाला, "सर, गाडी हलकी केली. रेसच्या मोटारीत तर डॅशबोर्डसुद्धा काढून टाकतात!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, अर्धे होते. आणि अर्धे सत्य हे पुष्कळदा असत्याहून अधिक घातक ठरते, म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

प्रथम त्याच्या बाजूचे सत्य पाहू. जोर तोच राहिला आणि वस्तुमान घटले, तर वेग अधिक झपाट्याने वाढतो, हा न्यूटनचा नियम आपण शाळेत शिकतोच. हजार किलो वजनाच्या मोटारीतून शंभर किलो काढले, तर त्याच इंजिनाच्या जोरावर तिचा वेग वाढण्याचा दर शेकडा सुमारे अकराने वाढेल. थांबतानाही ब्रेकला दहा टक्के ऊर्जा कमी जिरवावी लागेल. म्हणून शर्यतीसाठी मोटार सज्ज करणारे कारागीर प्रथम तिच्या पोटात हात घालतात. सतरंज्या, मागची आसने, रेडिओ, गरम-थंड हवेची पेटी, काचा वरखाली करणाऱ्या मोटरी, हे सारे बाहेर पडते. मग डॅशबोर्डाचे जड आवरण उतरते, आणि त्यामागे दडलेला तारांचा जुडगा उघडा पडतो. हल्लीच्या मोठ्या मोटारीत या तारांची एकूण लांबी मैलाहून अधिक भरते. जी यंत्रे काढली त्यांच्या तारा निरुपयोगी होतात; त्या एकेक निवडून काढल्या म्हणजे वजनात आणखी घट होते.

या कलेची दोन उदाहरणे जगप्रसिद्ध आहेत. १९७२ च्या अखेरीस जर्मनीतील पोर्श कंपनीने '९११ कॅरेरा आर.एस.' ही मोटार दाखविली. तिच्या हलक्या प्रकारात डॅशबोर्डावरचे घड्याळ काढले होते, सामानाच्या कप्प्याचे झाकण काढले होते, पत्रा व काचाही पातळ घेतल्या होत्या. तीच मोटार सुखसोयींसह घेतली तर सुमारे शंभर किलोंनी जड होई. इटलीच्या फेरारी कंपनीची १९८७ सालची 'एफ ४०' याहून विरक्त! तिच्यात गालिचा नाही, रेडिओ नाही. आतून दार उघडावयाचे ते एक दोरी ओढून.

आता वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. दाराची मूठ गेली, परंतु दार उघडण्याची सोय गेली नाही; ती दोरीने केली. डॅशबोर्डाचे आवरण गेले, परंतु त्या जागी पातळ पत्रा बसवून इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब व पाण्याची उष्णता दाखविणारी यंत्रे ठेवली जातातच. स्टीअरिंगचा दांडा ज्या आडव्या पोलादी तुळईला धरून असतो, ती तुळई जाणता कारागीर हलवीत नाही. हलविलीच तर तितकाच बळकट आधार आधी उभा करतो. म्हणजे या साऱ्या विद्येचे सूत्र एवढेच: वस्तू टाकावी, तिचे काम टाकू नये.

हेच सूत्र आपल्या महाराष्ट्रातही पाहावयास मिळाले आहे. २००८ साली टाटांनी 'नॅनो' ही छोटी मोटार जगापुढे मांडली. तिच्या घडणीच्या कामाचे नेतृत्व श्री. गिरीश वाघ यांच्याकडे होते. तेथे मुख्य हेतू किंमत कमी करण्याचा होता. तथापि वाट तीच. काच पुसणाऱ्या दोन दांड्यांऐवजी एकच दांडा, चाकाला चार बोल्टांऐवजी तीन. दांडा एक झाला म्हणून काच पुसली जाण्याची थांबली नाही. पुढे २०१४ साली टकरीच्या परीक्षेत या मोटारीस एकही तारा मिळाला नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. कारण किती वगळले म्हणजे रक्षणाचेच काम उणे पडते, हा प्रश्न कुशल अभियंत्यांनाही सुटत नाही. मग दुकानाच्या दारात पाना घेऊन बसलेल्या मुलाची काय कथा?

आणखी एक दाखला. पवई येथील आय.आय.टी.चे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी स्वतः लहान शर्यती मोटारी बांधून स्पर्धांत उतरवितात. तेथे एकेका ग्रॅमचा हिशेब होतो. तरीही त्या स्पर्धांचे नियम काय सांगतात? मागे तांबडा ब्रेक-दिवा हवाच. चालकाच्या हाताशी आणि मोटारीच्या बाहेरही, सर्व वीज तत्काळ तोडणारी बटणे हवीत. ब्रेकचा पायटा नेहमीपेक्षा खोल गेला तर आपोआप यंत्र बंद पाडणारी कळ हवी. मोठ्या शर्यतींत तर पोलादी नळ्यांचा पिंजरा व अग्निशामकही बसवितात; म्हणजे तेथे वजन काढतात तसे घालतातही! आमच्या तरुण मित्राला पहिला अर्धा भाग ऐकू आला, दुसरा कोणी सांगितलाच नाही.

तारांच्या बाबतीत तर अज्ञान फारच महाग पडते. अनेक दिव्यांची परतीची वाट बहुधा एकाच तारेतून जाते. ती निरुपयोगी समजून तोडली की भलताच दिवा विझतो. फ्यूजचे वजन अवघे दोन-चार ग्रॅम. पण ते काढून तेथे जाड तार पिळली, तर तारेची चूक फ्यूजने भोगावयाची ती साऱ्या गाडीला भोगावी लागते. आकृती हाती नसता तार तोडणे म्हणजे नकाशा न पाहता विहिरीत उडी घेणे होय.

आता आपल्या वाटेचा विचार करू. उसाच्या हंगामात कळंबच्या रस्त्यांवरून रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात, आणि त्यांतील कित्येकींना मागे दिवा नसतो. अशा अंधारात मागून येणाऱ्यास आपण दिसावे आणि मागून येणारा आपणांस दिसावा, एवढेच त्या तांबड्या दिव्याचे व आरशाचे काम. या दोहोंचे वजन किलो-दीड किलोहून अधिक नसावे. दीडशे किलोंची गाडी आणि साठ किलोंचा स्वार धरला, तर बचत शेकडा एकही होत नाही! एवढ्यासाठी स्वतःचे डोळे काढून ठेवणारास शहाणा कोण म्हणेल?

कोणी म्हणेल, "मुलांच्या जिज्ञासेवर असा बोळा का फिरविता?" आमचा तो हेतू मुळीच नाही. जिज्ञासा हवीच. एखादी भंगारातील गाडी आणावी; प्रत्येक भाग काढताना तराजूवर तोलावा; वहीत त्याचे नाव, वजन आणि काम लिहावे. ज्याचे काम लिहिता आले नाही, तो भाग पुन्हा जागेवर बसवावा. एवढे केले तर पदार्थविज्ञानाचे अर्धे पुस्तक हातानेच वाचून होईल.

पालकांसही एक विनंती. नोंदणी झालेल्या वाहनाच्या रचनेत मनास येईल तसा फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालकासही २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण कायद्याच्या भयाहून मोठे भय घरी रात्री उशिरापर्यंत दाराकडे लागलेल्या डोळ्यांत असते, ते सांगावयास नकोच.

आमच्या आजोबांच्या वेळी शर्यतीचा छकडा बांधणारा सुतार बाजूच्या फळ्या काढी, लाकूड तासून बारीक करी. परंतु चाक आसावर धरून ठेवणारी बोटभर खीळ त्याने कधी काढली नाही. तिचे वजन त्याला ठाऊक होते, आणि कामही.