जळालेल्या नाट्यगृहाची जागा

ता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं कोल्हापूरचें केशवराव भोसले नाट्यगृह अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. दुसरे दिवशीं केशवरावांची जयंती होती. त्या दिवशीं धुमसणाऱ्या भिंतींपुढें गांवचे नट, गायक आणि पडद्यामागें राबणारे लोक अक्षरशः रडले. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, सर्व गेलें. दगडी भिंती तेवढ्या उरल्या. शेजारच्या खासबाग मैदानांतील व्यासपीठहि वांचलें नाहीं.

शोकाचा पहिला भर ओसरल्यावर प्रश्न उरतो तो जागेचा. भर वस्तींतल्या या जागीं पुन्हां काय उभें राहावें? पुनर्बांधणीसाठीं शासनानें लौकरच निधि जाहीर केला, आणि 'जसें होतें तसेंच' ही मागणी कलावंतांनीं एकमुखानें केली. प्रस्तुत लेखकासहि ती मान्य आहे. मात्र 'जसें होतें' या दोन शब्दांत काय यावें आणि काय येऊं नये, याचा खल जितका व्हावयास पाहिजे तितका झालेला दिसत नाहीं.

विद्यार्थिमित्रांस या वास्तूचा पूर्वेतिहास थोडा सांगणें अवश्य आहे. त्यावांचून पुढील म्हणणें पटावयाचें नाहीं. छत्रपति शाहू महाराज १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठीं विलायतेस गेले. त्या प्रवासांत रोम येथील प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यांत आलें व त्याचा ठसा मनावर राहिला, असें सांगतात. १९१२ सालीं खासबागेचें कुस्तीचें मैदान सिद्ध झालें, आणि त्याला खेटूनच १९१३ ते १९१५ या काळांत पॅलेस थिएटर बांधून झालें. एका अंगास मल्लविद्या, दुसऱ्या अंगास नाट्यकला, अशी ही जोडी एकाच राजाच्या मनांतून उतरली. तालमींतला पोर काय किंवा नाटकमंडळींतला पोर काय, दोघेहि बहुधा गरीब घरचे. त्या काळच्या प्रतिष्ठितांच्या पंक्तीस नटाला पाट मिळत नसे. अशांसाठीं संस्थानच्या खजिन्यांतून दगडी इमारत बांधणें ही गोष्ट लहान नव्हे. पुढें ज्यांचें नांव या थिएटरास मिळालें ते केशवराव स्वतः असेच कोवळ्या वयांत नाटकमंडळींत शिरलेले. १८९० सालीं कोल्हापुरांत त्यांचा जन्म झाला. १९०८ सालीं त्यांनीं ललितकलादर्श मंडळी काढली. १९२१ च्या जुलैंत टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्वांबरोबर मुंबईस केलेला 'मानापमाना'चा त्यांचा संयुक्त प्रयोग अद्यापि लोकांच्या तोंडीं आहे. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, अवघे एकतीस वर्षांचे असतांना, ते गेले.

तेव्हां 'जसें होतें' याचा पहिला अर्थ मी असा करतों कीं, ही जागा धनाढ्यांचीच न होतां पोरासोरांचीहि राहावी. शाळांचीं स्नेहसंमेलनें, हौशी मंडळ्यांचीं नाटकें, नवशिक्या गवयाची पहिली मैफल यांस परवडेल असेंच भाडें तेथें असलें पाहिजे. संगमरवर घालून भाडें तिप्पट केलें, तर भिंती जुन्या राहूनहि नाट्यगृह गेलेंच म्हणावयाचें.

कांहीं व्यवहारी गृहस्थ असें म्हणतांना आढळतात कीं, इतक्या मोलाच्या जागेवर नुसतें नाटकाचें घर कशाला? खालीं दुकानें काढावीं, मोटारी उभ्या करण्याची सोय करावी, वर एखादें सभागृह ठेवावें, म्हणजे खर्चहि भागेल. त्यांनीं मद्रासच्या मूर मार्केटाची हकीकत ध्यानीं घ्यावी. १९०० सालीं उघडलेली ती तांबड्या विटांची देखणी मंडई जुन्या पुस्तकांसाठीं प्रसिद्ध होती. १९८५ सालीं ती जळाली आणि जागा रेल्वेच्या इमारतीकडे गेली. रेल्वेची सोय झाली, हें खरेंच. पण मूळ मंडईची आठवण म्हणून आवारांत एक लहानशी प्रतिकृति तेवढी मांडून ठेवली गेली. आपल्या मुलांना असलें खेळणें दाखवावयाची पाळी आपणांवर येऊं नये.

पण आग हें एकच संकट नव्हे, हें कोल्हापुराइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असेल? १९४८ सालीं, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळींत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात् झाला. भालजींनीं तो पुन्हां उभा केला, आणि त्यानंतर तेथें कितीएक वर्षें चित्रपट निघाले. पुढें चित्रीकरण थांबलें, आवार ओस पडलें. आणि जागेची विक्री झाल्याचें २०२२ सालीं कानीं येतांच कलावंतांना आंदोलन करावें लागलें. आगींतून जो वांचला तो ओसाडीनें जेरीस आला! आंदोलनाची ही पाळी येईपर्यंत आम्ही नागरिक त्या दारावरून रोज जात होतों आणि आंत काय चाललें आहे हें विचारीत नव्हतों.

आतां 'जसें होतें' यांत काय येऊं नये तें सांगतों. महाराज ज्या सालीं विलायतेस गेले त्याच सालच्या १४ जुलै रोजीं व्हेनिस नगरांतील सेंट मार्क चौकाचें प्राचीन घंटाघर कोसळलें. भिंतीला तडा गेलेला लोकांस कांहीं दिवस आधीं दिसला होता. नगरवासीयांनीं तें त्याच जागीं, बाहेरून हुबेहूब तसेंच, १९१२ सालीं पुन्हां उभें केलें. परंतु पाया आणि आंतील रचना मात्र अधिक बळकट केली. जुन्या चुका जुन्या आहेत म्हणून त्यांनीं पूज्य मानल्या नाहींत. आपणहि उरलेल्या दगडी भिंती तज्ज्ञांकडून तपासून शक्य तितक्या राखाव्या, दर्शनी रूप तेंच ठेवावें. परंतु विजेच्या तारा, दारें, जिने आणि छपराचें सामान यांत जुन्याचा हट्ट धरूं नये.

नाट्यगृह म्हणजे स्वभावतःच ज्वालाग्राही वस्तु. वाळलेलें लाकूड, रंगविलेलें कापड आणि तापलेले दिवे हीं तेथें एकत्र नांदतात. १९०३ च्या डिसेंबरांत शिकागो शहरीं इरोक्वा नांवाच्या नव्या कोऱ्या थिएटरांत दुपारच्या खेळास आग लागली आणि सहाशेंवर माणसें मेलीं. सुटीचे दिवस असल्यानें त्यांत बायकामुलें फार होतीं, आणि कित्येक दारें उघडेनात. कोल्हापुरास त्या रात्रीं आंत प्रेक्षक नव्हते. एखाद्या शाळेचें संमेलन त्या घटकेस चालू असतें तर? हा विचार मनांत आला म्हणजे छपराच्या नक्षीविषयींचा वाद मला दुय्यम वाटूं लागतो.

बांधकामाला पैसा मिळतो, कारण उद्घाटनाच्या शिळेवर नांवें कोरतां येतात. तारा बदलण्याला आणि पाण्याचे नळ तपासण्याला पैसा मिळत नाहीं, कारण तेथें शिळा बसवितां येत नाहीं. म्हणून नूतन नाट्यगृहाच्या अंदाजपत्रकांतच देखभालीची कायम तजवीज असावी, आणि त्या रकमेला दुसऱ्या कोणत्याहि कामासाठीं हात लावण्याची मुभा नसावी. विजेची व अग्निशामक साधनांची दरसाल तपासणी व्हावी. ती कोणीं, कोणत्या तारखेस केली व काय उणें आढळलें, याचा कागद कार्यालयाच्या कपाटांत न ठेवतां तिकिटाच्या खिडकीशेजारीं, आईबापांना मुलाचा हात धरून उभ्याउभ्या वाचतां येईल अशा मोठ्या अक्षरांत लावावा.