वीस क्रेडिट पोराचे, गावाच्या पदरात काय?



पाऊस लागला की कृषी महाविद्यालयाची पोरेपोरी गावात येतात. कोणी कृषिदूत, कोणी कृषिकन्या. 1992 साली रंधावा समितीने शिफारस केली की, शेतीची पदवी घेणाऱ्याने गावात राहून काम केले पाहिजे. 2016-17 च्या सुमारास आलेल्या अभ्यासक्रमात सातव्या सत्रातल्या या कामाला 20 आठवडे आणि 20 क्रेडिट ठरले. त्यातले 8 आठवडे गावाचे. बाकीचे कृषी विज्ञान केंद्र, कारखाना, अहवाल यांचे. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे माप. ते भरल्याशिवाय पदवी नाही.

मी शेतीचीच पदवी घेतली आहे, म्हणून ठामपणे सांगतो की कार्यक्रम चांगला आहे. पुस्तकातली पऱ्हाटी वेगळी आणि उधारीच्या बियाण्यावर उभी राहिलेली पऱ्हाटी वेगळी. हा फरक वावरातच कळतो.

पण हा सौदा एकतर्फी आहे. वावर आपले, वेळ आपला, अनुभव आपला, क्रेडिट त्यांचे. बदल्यात गावाला काय मिळते? चौकात रांगोळीने काढलेला गावाचा नकाशा, निंबोळी अर्काचे एक प्रात्यक्षिक आणि फलक धरून काढलेला फोटो. अहवाल कॉलेजच्या कपाटात जातो. ज्याच्या वावरातून तो निघाला, त्याला त्याचे एक पानही दिसत नाही.

यात दोष पोरांचा नाही. त्यांना जे भरायला सांगितले ते ती भरतात. आपण काही मागतच नाही, हे खरे दुखणे आहे. भंडारा जिल्हा धानाचा म्हणून ओळखला जातो. साकोलीचे कृषी संशोधन केंद्रही मुख्यतः धानाचे. तेव्हा कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याने आपला प्रश्न आपणच पुढे ठेवला पाहिजे.

काय मागायचे? पहिले, ज्वारीचे घरचे बियाणे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते पोरांनी घरोघरी मोजून द्यावे. 75 च्या खाली उगवण आली तर ते बियाणे कमी प्रतीचे, हे पेरणीआधी कळेल. काणी येऊ नये म्हणून किलोला 4 ग्रॅम गंधक चोळायचे, तेही सगळ्यांसमोर करून दाखवावे.

दुसरे, गुलाबी बोंडअळी. अळी येते पऱ्हाटी पात्या-फुलांवर आल्यावर, म्हणजे लागवडीनंतर दीड-दोन महिन्यांनी. तोवर पोरांचे आठ आठवडे संपत आलेले असतात. म्हणून जाण्याआधी त्यांनी एकरी दोन कामगंध सापळे लावावेत आणि पतंग मोजून वहीत लिहायला गावातल्या दोघातिघांना शिकवावे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा, हा हिशेब गावाजवळ राहील. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसावर शेतकरी-शेतमजूर दगावले. नेमकी कधी फवारावी आणि कधी फवारू नये, हे कळणे जिवाशी निगडित आहे.

तिसरे, खर्चाचा जमाखर्च. दहा घरांचा एकरी खर्च पोरांनी नीट मांडावा, घरच्या माणसांची मजुरीही त्यात धरावी. आपण ती धरत नाही आणि मग तोट्यातली शेती बरी दिसते.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गाव सोडण्याआधी पोरांनी आपला अहवाल ग्रामसभेत मराठीतून वाचावा, एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. ज्या शेतकऱ्याकडे पोरगा शिकला त्याचा शेराही गुणपत्रिकेत धरावा, अशी मागणी जिल्हा बैठकीतून अकोल्याच्या विद्यापीठाकडे जावी.

पोरांना वावरात घ्या, भाकर घाला, मनापासून शिकवा. उद्या तीच कृषी अधिकारी होतील, बँकेत बसतील, बियाण्याच्या कंपनीत जातील. गावाला हिशेब द्यावा लागतो, ही सवय त्यांना इथेच लागू द्या.