अस्वलापासून पन्नास यार्ड

अलास्कातील काटमाई हा समुद्रकाठचा, ज्वालामुखींचा निर्जन मुलूख. १९१२ साली नोव्हारुप्टाच्या उद्रेकाने येथील एक सबंध दरी राखेखाली गाडली गेली. आज याच मुलखात सुमारे दोन हजार तपकिरी अस्वले नांदतात. ओहोटी लागली की ती वाळू उकरून तिसऱ्यांसारखे शिंपले खातात. उन्हाळ्यात नदीत सॅमन मासे धरतात. पुढे हिवाळाभर गुहेत उपास! तेवढ्या महिन्यांची ऊर्जा अंगावर चरबीच्या रूपात आधीच साठवायची. एका ग्रॅम चरबीत ९ किलोकॅलरी. पुढचे गणित वर्गात करून पाहा.

तेथे अस्वलापासून ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४६ मीटर, दूर राहण्याचा नियम आहे. काहींना तो कोरडा वाटतो. मला तीच खरी माया वाटते. माणूस जवळ गेला की बुजरे अस्वल नदी सोडते आणि गेलेल्या माशांची तूट हिवाळ्यात भरते. टिमोथी ट्रेडवेल तेरा उन्हाळे या अस्वलांशी सलगी करून राहिला. २००३ मध्ये तो व त्याची सोबतीण अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावले. त्यानंतर तेथे दोन अस्वलांनाही गोळ्या घालण्यात आल्या.