ओसरीवरून : अण्णांचा शेवटचा संघ



यंदाच्या उन्हाळी पिकनिकला मुलांचा खो-खो ठेवायचं ठरलं आहे आणि तो शिकवायचं काम कमिटीने माझ्या गळ्यात घातलं आहे. कारण एवढंच, की मागच्या बैठकीत चहा पिता पिता मी बोलून गेले, "आमचे आजोबा हायस्कूलात खो-खो शिकवायचे." आपल्या मंडळात असं काही बोलताना जपून बोलावं, लगेच यादीत नाव चढतं!

तर या खेपेला ओसरीवर आजोबा. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. सांगलीच्या एका हायस्कूलात ते पी.टी.चे शिक्षक होते. मी त्याच शाळेत, पण तिथे मलाही 'सर' म्हणावं लागे. एकदा मैदानावर चुकून 'अण्णा' अशी हाक मारली, तर त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्यांचा दिवस फक्कीने सुरू होई. (इथे जन्मलेल्या मुलांसाठी : फक्की म्हणजे मैदानावर रेघा आखायची पांढरी पूड.) डालड्याच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडलेली, दोन मुली सुतळी ताणून धरत आणि अण्णा डबा हलवत वाकून चालत. दोन टोकांना दोन खांब, मधून लांब पाटी, तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या. रेघ जरा वाकडी गेली की पायाने पुसून पुन्हा. "सर, खेळताना पुसणारच आहे," असं कोणी म्हटलं तर म्हणत, "मग आंघोळ तरी कशाला करतेस?"

खो-खोत आठ जण मधल्या पाटीवर एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पळतो. पळणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. म्हणून पलीकडे निसटलेला गडी पकडायचा तर बसलेल्याच्या पाठीवर हात मारून मोठ्याने 'खो' म्हणायचं आणि स्वतः त्याच्या जागी बसायचं. खरी गंमत आहे ती या बसण्यात. अण्णा पळायला शिकवायच्या आधी बसायला शिकवत. टाचा उचललेल्या, हात जमिनीला, नजर गड्यावर. पंधरा-पंधरा मिनिटं नुसतं बसवून ठेवत. पायाला मुंग्या येत, मुली रडकुंडीला येत. "पळता काय, कुत्र्यालाही येतं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मुलींचा संघ उभा करताना ते घरोघर फिरले होते म्हणे. पोरी चारचौघांत पळणार, कपड्यांचं काय, उशीर झाला तर पोहोचवणार कोण? कपडे आजीने आमच्या घरच्या मशीनवर शिवले, पोहोचवायला अण्णा स्वतः सायकल हातात धरून चालत जात. सरावानंतर प्रत्येकीला मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, हा खर्च पगारातून. आजी म्हणायची, "घरात तेल संपलंय आणि हे गावच्या पोरींना दाणे चारतायत." म्हणायची, आणि दाणे भाजूनही तीच द्यायची.

आता जे सांगायचं आहे ते १९७४ सालचं. अण्णांचं निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष, आणि संघ आजवरचा सर्वांत चांगला. मी त्यात राखीव होते. खांबाशेजारी एक मुलगी बसायची, तिचं नाव इथे लिहीत नाही. ती जागा सर्वांत अवघड, कारण गडी खांबाला वळसा घालून तिथेच निसटतो. ही पोरगी एका हाताने खांब धरून अंग अशी झोकून द्यायची की गडी हटकून बाद.

दिवाळीच्या सुट्टीत तिचं लग्न ठरलं. वय पंधरा. तेव्हा कायद्यालाही पंधरा पुरत होतं. मुलीला अठराची अट १९७८ साली आली. तिचे वडील मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचे. अण्णा त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, खेळ संपल्यावर पोरीचं पुढं काय करू, तेवढं सांगा." अण्णा घरी आले ते न जेवता झोपले. आजीला म्हणाले, "मला उत्तर आलं नाही."

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी फक्की मारली आणि मला म्हणाले, "आजपासून तू खांबाजवळ."

मी हसले. चौदा वर्षांची होते, संघात जागा मिळाली होती. अण्णांनी ते पाहिलं. "ती तिची जागा आहे. तुला बसायला दिली आहे," एवढंच म्हणाले आणि शिट्टी फुंकली.

जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो. शेवटच्या मिनिटाला गडी माझ्या हाताखालून खांबाला वळून गेला. अण्णा एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या हसण्याबद्दल मी त्यांना काही तरी म्हणायला हवं होतं, ते राहूनच गेलं.

१९९१ साली अण्णा गेले. फोन आला, तिकीट मिळेपर्यंत दिवस गेले, मी पोहोचले ती नवव्या दिवशी. आपल्यापैकी अनेकांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या पेटीत एक वही निघाली. संघातल्या सगळ्या मुलींची नावं, पुढे 'दिलं ते गाव', त्यापुढे 'भेट'. एस.टी.ने कुठे जाताना वाटेत त्यातलं गाव लागलं की अण्णा उतरत, दाण्यांची पुडी देऊन पुढची गाडी पकडत, हे मला तेव्हा कळलं. तिच्या नावापुढे गाव दोनदा खोडून नवं लिहिलं होतं आणि भेटीच्या चार तारखा होत्या. माझंही नाव होतं. गाव : अमेरिका. भेटीचा रकाना रिकामा. त्या वर्षांत मी दोनदा सांगलीला जाऊन आले होते, पण त्यांच्या हिशेबात भेट म्हणजे त्यांनी येणं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. माती नाही, मॅटवर खेळ. सगळे पळणारीकडे बघतात, मी खांबाशेजारी बसलेलीकडे बघत होते. टाचा उचललेल्या होत्या.

असो. पिकनिकचं सांगते. कमिटी म्हणते रेघांऐवजी दोऱ्या लावू. मी मैद्याचा डबा भोकं पाडून आणणार आहे, सुतळी धरायला दोन मुलं लागतील. दोन-तीन मुलांना ॲलर्जी असल्यामुळे दाणे आणणार नाही, गूळ आणीन. आणि पहिली पंधरा मिनिटं कोणालाही पळायला मिळणार नाही, हे आईवडिलांनी मुलांना आधीच सांगून ठेवावं.