जुनी जीप नवी करू नका, दुरुस्त करा

आपल्या बेळगाव, खानापूर, चंदगड भागात अजूनही बऱ्याच घरांच्या परड्यात एखादी जुनी जीप उभी दिसते. कुणाच्या आजोबांनी ती लष्कराच्या लिलावातून घेतलेली असते, कुणी शेतीच्या कामासाठी, कुणी जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर माणसे नेण्यासाठी. पुढे ती कित्येक वर्षे कोंबड्यांच्या आणि सरपणाच्या ताब्यात जाते. मग घरातला मुलगा नोकरीला लागतो, हातात चार पैसे येतात आणि जीप पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. आमचे म्हणणे आहे ते त्यापुढच्या पायरीबद्दल.

इंजिन मेकॅनिककडे जाते, ते योग्यच. रंग गॅरेजात होतो. उरते ते आतले काम : सीट, तळाचा पत्रा, डॅशबोर्ड, मीटर, वायरिंग. हे सगळे एकगठ्ठा कुशनच्या दुकानात सोपवले जाते आणि आठवड्याभरात जीप परत येते ती ओळखू येत नाही. लाल-काळ्या रेक्झिनच्या चौकड्या, तळाला गालिचा, डॅशबोर्डवर लाकडासारखे दिसणारे प्लॅस्टिक, मागे दोन दांडगे स्पीकर. जुन्या सीटचे सांगाडे भंगारात गेलेले असतात. डॅशबोर्डवर रिव्हेट मारून बसवलेल्या माहितीच्या पट्ट्या कुठे गेल्या, हे कुणालाच आठवत नाही. दुकानदाराला तरी काय बोलणार? त्याला "सगळे नवे करून टाका" असेच सांगितलेले असते.

आम्ही, म्हणजे या शाळेतल्या मुलांचे काही पालक, उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा एका जीपचे आतले काम मुलांना हाताशी घेऊन घरीच केले. त्यातून आमचे मत पक्के झाले आहे. जीप आतून नवी करायची नसते, दुरुस्त करायची असते. आणि ते काम शक्य तेवढे घरच्यांनीच करावे.

जीपचा जन्मच मुळी घाईतला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला हलकी, चारही चाके ओढणारी गाडी तातडीने हवी होती. १९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. रणांगणावर बिघडली तर सैनिकाला तिथेच उघडता यावी, म्हणून आत शोभेचे काही ठेवलेच नाही. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्राने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे विलिसने १९५३ साली काढलेले उंच बॉनेटचे सीजे-३बी हे मॉडेल भारतात कित्येक दशके चालले. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीप त्याच घराण्यातल्या. सांगायचे एवढेच, की जीपच्या आत जे काही आहे ते चार पान्यांनी सुटते आणि चार पान्यांनी बसते.

पाने मात्र इंचातले हवेत. विलिसच्या घराण्यातल्या नट-बोल्टांची मापे इंचात आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की घसरतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकतो. सातवीच्या मुलाला अपूर्णांक कशासाठी शिकायचे असा प्रश्न पडत असेल, तर त्याच्या हातात हे दोन पाने द्यावेत.

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढावेत. बॅटरीची तार सोडवावी. सुटलेला प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून वर चिठ्ठी लावावी. हे काम मुले मोठ्यांपेक्षा चांगले करतात, असा आमचा अनुभव आहे. मग सीट काढाव्यात. विलिसच्या जुन्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखालीच असते. त्यामुळे तळाला वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावायचा असेल तर टाकी आधी गाडीतून पूर्ण बाहेर काढून दूर न्यायला हवी. रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ भरलेली असते. इथे कुणाचेही "चालतंय की" ऐकू नये.

खरी परीक्षा तळाच्या पत्र्याची. आपल्याकडचा पाऊस काय असतो ते वेगळे सांगायला नको, आणि जीपला दारे नसतात. पाणी आत येते ते साहजिकच आहे, प्रश्न असतो ते थांबते कुठे याचा. पत्र्याला खालून आधार देणाऱ्या, टोपीच्या आकाराच्या पोकळ पट्ट्या असतात. युद्धकाळातल्या जीपमध्ये त्या पोकळीत लाकूड बसवलेले असे. लाकडाने पाणी धरले आणि पत्रा आतून, खालच्या बाजूने कुजत गेला. वरून रंग चांगला दिसतो आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकले की आवाज भद्द येतो. तेव्हा वरचा रंग पाहून समाधान मानू नये, गाडीखाली झोपून पाहावे.

एवढे पाहिल्यावर गालिच्याबद्दल बोलायची गरज उरू नये. तरीही लोक तो घालतातच. गालिचा पाणी पितो, धरून ठेवतो आणि दोन पावसाळ्यांत पत्रा खातो. त्याखाली काय चालले आहे ते दिसतही नाही. जीपला रबराची सुटी मॅट पुरे, ती शनिवारी उचलून उन्हात टाकता येते. तळाला पाणी जाण्यासाठी भोके असतील तर ती मोकळी करावीत. अमुक ठिकाणी भोक का ठेवले असेल, याचा विचार केल्याशिवाय ते बुजवू नये.

जिथे पत्रा गेला आहे तिथे तो कापून तेवढाच तुकडा जोडावा, सगळा तळ बदलायची घाई करू नये. वेल्डिंग मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावे. उद्यमबागेत लोखंडाची कामे करणारी इतकी कसबी माणसे असलेल्या गावात त्याची चिंता नको. बाकी गंज काढणे, प्रायमर, रंग हे घरी होते. फक्त एक काळजी घ्यावी : जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासून धूळ उडवू नये. पाणी लावून पॉलिश पेपरने घासावा, तोंडाला चांगला मास्क हवा, आणि लहान मुलांना या कामात घेऊ नये. कठीण होणाऱ्या दोन भागांच्या फवारणीच्या रंगाचे काम घरात करूच नये.

आता सीट. जीपची सीट म्हणजे नळीचा किंवा पत्र्याचा सांगाडा आणि त्यावर गादी. सांगाडा सहसा शाबूत असतो, वाकलेला असला तर सरळ होतो. गादी फाटलेली असते. जुनी खोळ फाडून काढू नये, उसवावी. उसवलेल्या तुकड्यांवर क्रमांक घालून ते वर्तमानपत्रावर ठेवावेत आणि पेन्सिलने कडा आखाव्यात. असा नमुना बाजारात विकत मिळत नाही. ज्या मुलीने हे आखले ती आधी म्हणाली होती की मला गाड्यांतले काही कळत नाही. तिच्या आईला शिवणाचे सगळे कळत होते आणि त्या दिवशी त्या दोघीच मेकॅनिक होत्या.

कापड कोणते घ्यावे यावर आमच्यात बराच वाद झाला. रेक्झिन पुसायला सोपे, पण उन्हात तापते आणि पाठ भाजते. जाड सुती कॅनव्हास मूळच्या रूपाला धरून आहे, पण भिजला की आटतो. म्हणून आम्ही कापड कापण्यापूर्वी धुऊन वाळवले. सुईला १८ नंबर, दोरा पॉलिएस्टरचा. चार पदर एकत्र आले की घरचे मशीन कुरकुरते. तिथे पायडल न मारता चाक हाताने फिरवावे, वेळ लागला तर लागू द्यावा. कोपऱ्यांना वाकडी सुई आणि हातशिलाई. स्प्रिंग आणि काथ्या यांच्यामध्ये गोणपाटाचा एक थर घातला नाही तर स्प्रिंग काथ्या कातरत जाते. हे आम्हाला एका म्हाताऱ्या गादीवाल्या काकांनी सांगितले. आपल्या गावात टप आणि गाद्या हाताने शिवणारी अशी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. त्यांच्याकडे जीप सोपवण्याऐवजी आपला मुलगा दोन दिवस त्यांच्याजवळ बसवला तर गादीही होईल आणि विद्याही राहील.

डॅशबोर्डला कमीत कमी हात लावावा. मीटरच्या तबकडीवरचे आकडे स्पिरिटने पुसले तर आकडेच निघून येतात, म्हणून काच बाहेरून स्वच्छ करून थांबावे. स्टिअरिंगच्या जुन्या चाकाला भेगा पडलेल्या असतात. त्या जरा रुंद करून एम-सीलसारख्या लांबीने भराव्यात आणि पाण्याने घासून रंगवावे, म्हणजे चाक बदलावे लागत नाही. गिअरचा आणि चारचाकी ओढीचा असे तीन दांडे तळातून वर येतात. त्यांची रबरे फाटली असतील तर नवी घालावीत, नाहीतर खालची धूळ आणि गरम हवा आत येत राहते. माहितीच्या पट्ट्यांवर कोणता दांडा कधी ओढायचा, वेग किती ठेवायचा ते लिहिलेले असते. त्या घासून चकचकीत करू नयेत. वाचता आल्या की पुरे.

"मग काय गंजासकट ठेवायची?" असे आम्हाला विचारले गेले. तसे नाही. काही बाबतीत मूळ रूपाचा हट्ट चुकीचाच आहे. युद्धकाळातल्या जीपला सुरक्षा म्हणून दाराच्या जागी कापडी पट्टा असे, तेवढेच. आज तिच्यात मुलांना बसवायचे असेल तर सीट-बेल्ट हवेत, आणि ते पातळ पत्र्याला नव्हे तर खालून जाड पट्टी देऊन पक्के केलेले हवेत. कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरी हातात चुरा होत असतील तर त्या बदलायलाच हव्यात, फ्यूजही बसवायला हवेत. सीटखाली पेट्रोल आहे हे विसरू नये. आजींना मागच्या बाकावर बसता येत नसेल तर त्यांच्यासाठी सुटी उशी करावी. जे पुन्हा काढता येते ते खुशाल घालावे. जे कापून, भोसकून, भंगारात देऊन करायचे, तिथे थांबावे.

कायद्याचीही एक बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरणाला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आपल्याकडच्या कित्येक पेट्रोल जीपना मागेच डिझेल इंजिने बसली आहेत, त्यामुळे सगळ्यांनाच हे लागू होईल असे नाही. पण ज्यांची जीप साठच्या दशकातली आणि मूळ इंजिनाची आहे त्यांनी आत-बाहेर काही कापण्यापूर्वी कागदपत्रे काढून बघावीत.

काही पालकांना हे सगळे वेळ घालवणे वाटते. दहावीच्या वर्षात हात काळे कशाला करायचे, असे एका गृहस्थांनी स्पष्टच सांगितले. दहावीच्या मुलांना आम्ही घेतलेही नव्हते. पण सातवी-आठवीच्या मुलाने सुट्टीतले पंधरा दिवस आजोबांच्या जीपखाली काढले तर त्याचे काय बिघडते, हे आम्हाला अजून समजलेले नाही. आजोबाही त्या पंधरा दिवसांत जेवढे बोलले तेवढे एरवी वर्षात बोलत नाहीत. मागच्या बाकाच्या पत्र्यावर एक खोलगट पोचा होता. आम्ही तो ठोकून सरळ करणार, तर आजोबांनी थांबवले. तिथे दूधाचे कॅन ठेवले जायचे, पहाटे चारला, असे ते म्हणाले. पोचा तसाच ठेवून वरून रंग दिला.

विश्वस्त मंडळाकडे आमचे एक छोटेसे मागणे आहे. हस्तव्यवसायाच्या खोलीत एक जाड कापड शिवणारे मशीन, इंच आणि मिलिमीटर दोन्ही मापांचे पाने आणि एक शेगडा एवढे ठेवावे. गाडी शाळेत आणायची गरज नाही. सीट सुटते, मुले ती रिक्षातून आणू शकतात. मशीनच्या खर्चाचा काही भाग आम्ही पालक उचलू, तसे मुख्याध्यापकांना कळवले आहे.

सीटच्या खोळीचे वर्तमानपत्रावरचे नमुने गुंडाळून शाळेच्या कार्यालयात ठेवले आहेत. ज्यांच्या घरी सीजे-३बी आहे त्यांनी ते नेऊन आपल्या कागदावर उतरवून घ्यावेत आणि परत आणून द्यावेत. टपाचे काम अजून बाकी आहे, ते दिवाळीनंतर पाऊस पुरता उघडला की सुरू करू.