‘पुढे न्या’ म्हणताना

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठण्यासारख्या गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरच्या तोंडी रोज येणारे वाक्य म्हणजे ‘पुढे न्या’. छातीत कळ आलेला कारखान्यातला कामगार, वाकण फाट्यावर मोटारसायकलवरून पडलेला मुलगा, वाडीवरून आणलेली, रक्त कमी झालेली बाळंतीण. तपासायचे, पहिला उपचार करायचा आणि रोहा, अलिबाग, पनवेल, कामोठे किंवा थेट मुंबई गाठायला सांगायचे. यात कमीपणा काही नाही. हृदयविकारतज्ज्ञ आणि रक्तपेढी हाताशी नसताना रुग्णाला वेळेवर पुढे पाठवणे हाच उत्तम उपचार असतो. पण कधी पाठवावे हे आपल्याला शिकवले गेले, कसे सांगावे हे बहुतेकांना कुणी शिकवले नाही. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा रीतसर समावेश झाला तो २०१९ मध्ये. त्याआधी पदवी घेतलेले आपण सगळे सीनियरचे बघून बोलायला शिकलो.

पुढचे दृश्य कोणत्याही वाचकाला ओळखीचे वाटेल. म्हातारबाबा तपासणीच्या टेबलावर आहेत, सदऱ्याची बटणे उघडी, ईसीजीची पट्टी डॉक्टरांच्या हातात. डॉक्टर पट्टी बघतात, काही न बोलता पडद्याबाहेर येतात आणि जावयाला बाजूला घेतात. ‘हार्टचं दिसतंय. इथे ठेवून उपयोग नाही, पुढे न्या.’ जावई मान हलवतो. पण त्याच्या डोक्यात गाडी कुणाची, पैसे किती, सोबत कोण, हेच फिरत असते. तो दारात उभा राहून मुंबईतल्या मेहुण्याला फोन लावतो. मेहुणा विचारतो, ‘नेमकं झालंय काय?’ जावई म्हणतो, ‘सीरियस आहे म्हणाले.’ आत बाबा स्वतःच बटणे लावून उठून बसतात, कारण त्यांना कुणी काही सांगितलेलेच नसते. मग कपडे घ्यायला, सासूबाईंना सांगायला, मेहुण्याचा पुन्हा फोन येईपर्यंत सगळी मंडळी घरी जातात. हृदयविकारात ज्या तासाला सर्वाधिक मोल, तो तास असा घरच्या ओटीवर संपतो. नातेवाईक निष्काळजी होते असे आपण म्हणतो. आमच्या मते हा दोष मुख्यतः सांगण्याचा आहे.

मानसशास्त्राने या प्रश्नावर गेली पन्नास-साठ वर्षे काम केले आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फिलिप ले यांनी रुग्णांच्या स्मरणाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. डॉक्टरांनी सुरुवातीला सांगितलेले आणि ‘हे महत्त्वाचे आहे’ असे बजावलेले रुग्णाच्या लक्षात राहते, बाकीचे गळून पडते, असे त्यांना आढळले. २००३ मध्ये रॉय केसेल्स यांनी या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात रुग्णाला सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग तो लगेच विसरतो आणि लक्षात राहिलेल्यातलेही जवळपास निम्मे चुकीचे असते, असे दिसते. भीती वाटली की लक्ष आकुंचन पावते. ‘हार्ट’ हा शब्द कानावर पडल्यावर पुढची चार वाक्ये त्या माणसापर्यंत पोहोचतच नाहीत. आपण मात्र आधी निदान सांगतो, मग त्याचे कारण, मग धोका आणि सगळ्यात शेवटी, माणूस ऐकायचा थांबल्यावर, काय करायचे ते. हा क्रम उलटा हवा. ‘आत्ता, इथूनच, घरी न जाता अलिबागला निघायचं. गाडीत झोपवून न्यायचं, चालवायचं नाही. ही चिठ्ठी तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्यायची.’ एवढे आधी सांगावे. हृदयाच्या रक्तवाहिनीचे चित्र काढून दाखवायला नंतर वेळ मिळेल, आणि नाही मिळाला तरी चालेल.

शिवाय हे सांगायचे कुणाला? आधी रुग्णाला. शुद्धीवर असलेल्या माणसाला त्याच्या शरीराची बातमी पडद्याआडून कानावर यावी, ही आपल्याकडे रूढ झालेली रीत चांगली नाही. नातेवाईक जवळ असावेत, त्यांनीही ऐकावे, पण डॉक्टरचे तोंड टेबलावरच्या माणसाकडे असावे. बाबांना धोका कळला असता तर तेच ‘घरी नको, सरळ चला’ म्हणाले असते.

सांगण्याआधी ऐकण्याचा प्रश्न येतो. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांचे १९८४ चे संशोधन अनेकांना ऐकून माहीत असेल: रुग्ण बोलू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात. ‘आमच्या ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असतात, बोलू दिलं तर संध्याकाळ होईल’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. त्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथील २००२ चा अभ्यास वाचावा. तिथे डॉक्टरांना सांगितले होते की रुग्ण आपणहून थांबेपर्यंत मध्ये बोलायचे नाही. ३३५ रुग्णांची सरासरी निघाली ९२ सेकंद. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलणारे फक्त सात निघाले. आपल्याकडे गर्दी जास्त आहे हे मान्य, पण दीड मिनिट परवडणारच नाही असा दवाखाना आम्हाला माहीत नाही.

आणि या दीड मिनिटात बाहेर काय येते? बार्बरा कॉर्श यांनी लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयात ८०० भेटींचा अभ्यास केला होता. १९६८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुमारे पाव आयांनी बाहेर आल्यावर सांगितले की त्यांना सर्वात जास्त घोर ज्या गोष्टीचा होता, ती डॉक्टरांपुढे त्यांनी काढलीच नव्हती. आपल्याकडे ‘पुढे न्या’ ऐकलेल्या कुटुंबाच्या मनातला घोर सहसा ठरलेला असतो. एक पैशाचा, दुसरा ‘तिकडे नेलेला माणूस परत येत नाही’ हा. शेजारच्या आळीतला कुणी मुंबईला नेला आणि शववाहिकेतून आला, हे गावाने पाहिलेले असते. तो नेला तेव्हाच हाताबाहेर गेलेला होता, हे कुणी सांगितलेले नसते. ही भीती बोलून दाखवली गेली नाही तर गाडी अलिबागऐवजी एखाद्या भगताच्या दारात उभी राहते. म्हणून ती आपणच बाहेर काढायला हवी. जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की ‘आणखी काही सांगायचे आहे का’ हे होकाराच्या सुरात विचारले तर मनात राहून गेलेल्या तक्रारी मोठ्या प्रमाणात बाहेर येतात, आणि त्यामुळे भेटीचा वेळ वाढत नाही. दरवाजाकडे बघत ‘बाकी काही नाही ना?’ म्हटले की समोरचा ‘नाही’च म्हणणार.

सांगून झाले की परत म्हणवून घ्यावे. डीन शिलिंजर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत अल्पशिक्षित मधुमेही रुग्णांबरोबरचे डॉक्टरांचे संभाषण तपासले. दर शंभर नव्या गोष्टींपैकी जेमतेम बारा गोष्टींबाबत डॉक्टरांनी ‘कळले का’ याची खरी खात्री केली होती. जे डॉक्टर खात्री करत, त्यांच्या रुग्णांची साखर अधिक आटोक्यात होती, आणि त्यांना वेळही जास्त लागत नव्हता. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला मान हलवणे हा आपल्याकडे शिष्टाचार आहे, त्यातून काही कळत नाही. ‘घरी फोन करून काय सांगाल, मला सांगा बघू’ असे विचारले असते तर जावयाचे ‘सीरियस आहे’ तिथेच सापडले असते.

कर्करोगाच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. मुलगा आधी एकटाच आत येतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, आईला सांगू नका, ती खचेल.’ यामागे प्रेम असते, त्याला अडाणीपणा म्हणू नये. निम्हान्समध्ये काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ संतोष चतुर्वेदी यांनी भारतीय कुटुंबांतल्या या लपवाछपवीवर बरेच लिहिले आहे. आपल्या भागात तर ती टिकतही नाही. ‘टाटाला न्यायचंय’ म्हटले की कोकणातल्या शेंबड्या पोरालाही आजार कळतो. आई परळच्या फाटकातून आत जाते तेव्हा तिला सगळे माहीत असते, आणि मुलाला वाईट वाटेल म्हणून तीही गप्प राहते. दोघे एकाच गाडीतून जातात आणि एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर बोलत नाहीत. वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये वाईट बातमी सांगण्याची जी सहा पायऱ्यांची पद्धत मांडली, तिच्यात सांगण्याआधी विचारण्याची पायरी आहे. ती इथे हुबेहूब वापरता येते. मुलाला ‘मी आपणहून सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही’ म्हणावे. आणि आईला त्याच्या देखत विचारावे, ‘तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? की मुलाशीच बोलू?’ काही बाया ‘त्यालाच सांगा’ म्हणतील. तो त्यांचा हक्क आहे, मात्र निवड त्यांची असावी.

पाश्चात्त्य संशोधनाची एक मर्यादा इथल्या डॉक्टरला रोज जाणवते. तिथली खोली दोघांची असते, आपली पाच जणांची. रोहा-पेण-सुधागडच्या कातकरी वाड्यांवरून आलेल्या रुग्णाचे दुखणे पुष्कळदा आशाताईच्या तोंडून आपल्यापर्यंत येते. पावसाळा सरला की ही कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला दूर जातात. त्यांना ‘पुढच्या महिन्यात दाखवायला या’ सांगण्याला काही अर्थ नाही. ‘भट्टीवर कधी जाणार, कुठल्या गावाला?’ हा प्रश्न क्षयाच्या गोळ्यांइतकाच आवश्यक आहे. याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील मांडव्याला, सत्तरच्या दशकात डॉ. नोशीर अंतिया यांनी गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यकार्यकर्त्या म्हणून तयार केले होते. मोठे प्लास्टिक सर्जन असूनही त्यांनी गावाशी बोलण्याचे काम गावच्या बायकांवर सोपवले. आज आशाताई तीच जागा सांभाळतात. म्हणून रुग्ण पुढे पाठवला की आशाताईला एक फोन जायला हवा, आणि चिठ्ठीच्या पाठीवर चार ओळी मराठीत हव्यात: काय झाले असावे, कुठे जायचे, वाटेत काय करायचे नाही, अडचण आल्यास कुणाला फोन करायचा.

नातेवाइकांच्या रोषाबद्दल थोडे. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टरला अमानुष मारहाण झाली. त्या रुग्णाला गरज होती ती तिथे उपलब्ध नसलेल्या मेंदूशल्यचिकित्सकाची, म्हणजे प्रसंग पुढे पाठवण्याचाच होता. मारहाणीचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही, आणि नीट बोलले की हल्ले थांबतील असेही आम्ही म्हणणार नाही. नागोठण्याने नोव्हेंबर १९९० मधला गॅस क्रॅकर प्रकल्पातला स्फोट पाहिला, ४ मे २०१४ रोजी रोह्याच्या वाटेवर घसरलेली दिवा-सावंतवाडी पॅसेंजर पाहिली. अशा दिवशी दारात शंभर नातेवाईक उभे राहतात. त्यांच्याशी बोलायला एक माणूस आधीच नेमून ठेवणे हे ऑक्सिजनचे सिलिंडर भरून ठेवण्याइतकेच पूर्वतयारीचे काम आहे.

संशोधन मोठ्या शहरांतच होते असे समजू नये. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रुग्ण उशाशी बसून पाहिले, नोंदी ठेवल्या, आणि त्या नोंदी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. संवादाच्या अभ्यासाला तर वही आणि पेन पुरते. वाचकांना विनंती आहे: या महिन्यात पुढे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकांना निघण्यापूर्वी ‘आता काय करणार, सांगा’ असे विचारा. त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत, नाव न घालता लिहून ठेवा आणि रुग्ण तिथे किती वेळाने पोहोचला तेही नोंदवा. नोंदी आमच्याकडे पाठवा, त्या एकत्र करून आम्ही याच पानावर छापू.